साळवे सिस्टरची बाहुली

"ढोकणे, बाळ पुसतेयस की पातेलं?"

साळवे सिस्टर असं काही बोलल्या की अख्खा वर्ग खिदळायचा, आणि जिच्यावर खिदळायचा तिच्या हाताला आणखी घाम फुटायचा. त्या दिवशी पाळी माझी होती. टेबलावर टॉवेल आणि टॉवेलवर रबराची बाहुली, पोटात पाणी भरून खऱ्या बाळाएवढी जड केलेली. तिच्या अंगातून दोन बारीक नळ्या निघायच्या आणि प्रत्येकीच्या टोकाला एकेक रबरी फुगा. एक दाबला की नाळेत ठोके लागायचे, दुसरा दाबला की बाहुली ट्यांहा करून रडायची. दोन्ही फुगे सिस्टरच्या एप्रनच्या खिशात आणि सिस्टरचा हातही खिशात. म्हणजे बाळ जगवायचं की नाही, हे सगळं त्यांच्याकडे.

मी पुसलं, पाठ चोळली, तोंड-नाक साफ केलं, मास्क लावला आणि त्याला जोडलेली हवेची पिशवी दाबायला लागले. दाब, सोड, सोड. दाब, सोड, सोड. बाहुली ढिम्म.

"का रडत नाही?" सिस्टरनी विचारलं.

"माहीत नाही, सिस्टर."

"काहीतरी चुकलंय तुझं. पहिल्यापासून."

मी मुकाट्यानं पुन्हा टॉवेल उचलला. दुसऱ्या खेपेला मान जराशी मागे करायची आठवण झाली, छाती वर यायला लागली आणि सिस्टरच्या खिशात फुस्स झालं. बाहुली रडली! पोरींनी टाळ्या पिटल्या. तबस्सुम, माझी रूममेट, मागून ओरडली, "पेढे आण गं ढोकणे!"

"पेढे नंतर. आधी आईला दाखव," सिस्टर म्हणाल्या आणि स्वतःच स्टुलावर आई होऊन बसल्या. मी बाहुली त्यांच्याकडे नेली आणि म्हणाले, "ताई, मुलगी झाली." त्यांनी पेन्सिलीनं माझी हनुवटी वर केली. "कोणाला सांगतेयस? फरशीला? आईच्या डोळ्यांकडे बघून सांगायचं." हे त्या रोज कोणाला ना कोणाला सांगायच्याच. आम्ही पाठीमागे त्यांची नक्कलही करायचो.

आमचं नर्सिंग स्कूल नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी होतं, एका ट्रस्टच्या दवाखान्याला जोडलेलं. सुवार्ता साळवे अर्धं आयुष्य लेबर रूममध्ये काढून मग शिकवायला आलेल्या. ती बाहुली त्यांनी पुण्याच्या कुठल्याशा ट्रेनिंगमधून मागे लागून मिळवली होती. तास संपला की त्या तिला स्वतः धुवायच्या, पुसायच्या, पावडर लावून कपाटात ठेवायच्या. आम्ही हसायचो. पण खरं सांगते, त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरगी लेबर रूममध्ये कधी गडबडली नाही. पायरी चुकली की बाहुली गप्प, मग पहिल्यापासून. सगळं बरोबर झालं की बाहुली रडणार म्हणजे रडणारच. हा त्यांचा कायदा, आणि तो आमच्या हाडात मुरला होता.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी माझी ड्यूटी लेबर रूमला लागली. एके दुपारी जीपमधून चंद्रकला नावाची बाई आली. दिवस भरलेले, पोट कडक झालेलं, साडी रक्तानं भिजलेली. डॉक्टर गुंजाळ मॅडमनी पोटाला हात लावला आणि त्यांचा चेहराच उतरला. बाळाच्या आधी वार सुटली होती. ऑपरेशनची तयारी करेपर्यंत बाळ आलंच. पांढरंफटक आणि अंगात काडीचं बळ नाही.

बाईचं रक्त थांबेना, त्यामुळे सगळे तिच्याभोवती. मॅडमनी बाळ माझ्या टॉवेलात दिलं. "ढोकणे, घे."

मी घेतलं. आणि त्या क्षणी मला भीती वाटली नाही, हे आजही आठवतं. हात आपोआप चालत होते. पुसलं, पाठ चोळली, तोंड-नाक साफ केलं, मान बरोबर ठेवली, मास्क लावला. छाती छान वर येत होती. लहान मुलांचे डॉक्टर कराळे धावत आले. त्यांनी छाती दाबली, इंजेक्शन दिलं, मी पिशवी दाबतच होते. बराच वेळ गेला. मग त्यांनी कानातला स्टेथोस्कोप काढून गळ्यात टाकला आणि म्हणाले, "थांबा, सिस्टर."

मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलंय. मी पिशवी बाजूला ठेवली आणि कोरडा टॉवेल उचलला. पहिल्यापासून. पुसलं, पाठ चोळली, तोंड-नाक साफ केलं.

"अहो सिस्टर, थांबा. गेलंय ते."

"हो सर," मी म्हणाले आणि पिशवी दाबायला लागले. रडलं नाही. मी पुन्हा टॉवेल उचलला.

तिकडे टेबलावरून चंद्रकला मान वळवून बघत होती. एवढी धडपड चाललीय म्हणजे धुगधुगी आहे, असंच कोणत्याही आईला वाटणार. "सोडू नको गं पोरी," ती म्हणाली. "माझ्या लेकराला सोडू नको." मी म्हणाले, "नाही सोडत ताई." आणि पुसत राहिले. शेवटी गुंजाळ मॅडमनी येऊन माझी दोन्ही मनगटं धरली. तेव्हा कुठे चंद्रकलाला कळलं आणि तिनं असा हंबरडा फोडला की बाहेर बाकावर बसलेली तिची आई धडपडत आत आली. डॉक्टरांच्या पहिल्या 'थांबा'पासून तोपर्यंत ती बाई आशेवर होती. ती आशा मी लावली होती, टॉवेल पुन्हा पुन्हा उचलून.

संध्याकाळी साळवे सिस्टर मला शोधत हॉस्टेलवर आल्या. मी कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. तबस्सुमनं सगळं सांगितलं. सिस्टर ऐकत होत्या. मग एवढंच विचारलं, "तिनं टॉवेल परत का उचलला?"

मी भिंतीकडे बघतच म्हणाले, "रडलं नाही म्हणून. पहिल्यापासून केलं."

सिस्टर दाराकडे वळल्या. जाताना त्यांची चप्पल उंबऱ्याला अडकली, तबस्सुमनं हात धरला म्हणून बऱ्या, नाहीतर पडल्या असत्या.

त्यानंतर मला जो भेटेल तो समजावायचा. गुंजाळ मॅडम म्हणाल्या, "ते बाळ पोटातच गेल्यात जमा होतं गं, कोणीही असतं तरी हेच झालं असतं." कराळे सर म्हणाले, "सिस्टर, तुमचं टेक्निक उत्तम होतं." मेसची मावशीसुद्धा जास्तीची भाकरी वाढून म्हणाली, "देवाची मर्जी, बाई." एकाचंही मला पटलं नाही. टेक्निक उत्तम असतं तर बाळ रडलं असतं. तीन वर्षं मी दुसरं काही बघितलंच नव्हतं! रात्री डोळे मिटले की माझे हात चादरीवर चालायचे. कुठली पायरी राहिली? मान? मास्क? टॉवेल ओला होता का? मी ड्यूटीवर जाणं बंद केलं आणि घरी फोन लावला.

आण्णा जणू वाटच बघत होते. राहुरीचं एक स्थळ त्यांनी अडवून धरलं होतं. "शिकलीस तेवढं पुष्कळ झालं," ते म्हणाले. "सोमवारी येतो न्यायला." मीही बरं म्हणाले. गेले असते तर परत यायचं नव्हतं, हे मलाही माहीत होतं आणि त्यांनाही. परीक्षा तोंडावर आली होती, ती बुडाली असती आणि तीन वर्षं पाण्यात. पण मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. मला फक्त पुन्हा कोणाचं बाळ हातात घ्यायचं नव्हतं.

रविवारी मी बॅग भरून बसले होते. दुपारी सिस्टर चर्चमधून सरळ हॉस्टेलवर आल्या. जांभळ्या काठाची ठेवणीतली साडी, हातात प्रार्थनेचं पुस्तक.

"चल."

"सिस्टर, माझी बॅग भरून झालीय."

"बॅग कुठं पळून चाललीय का? चल म्हणते ना."

त्यांनी वर्गाचं कुलूप काढलं, कपाटातून बाहुली काढली, टेबलावर टॉवेल अंथरला. त्या दिवशी अंगावर एप्रन नव्हता, म्हणजे खिसाही नव्हता. त्यांनी रडायचा फुगा टेबलावर माझ्या डोळ्यांसमोर ठेवला.

"हे काय आहे?"

"रडायचा फुगा."

"हा मी दाबते तेव्हा ती रडते. तू बरोबर करतेस म्हणून नाही रडत. नीट ऐकलंस? मी दाबते म्हणून रडते."

"पण सिस्टर, चुकलं की तुम्ही दाबत नाही."

"हो. आणि बरोबर आलं की दाबते. दर वेळी दाबते. तुमची तोंडं बघवत नाहीत मला. एवढ्याशा पोरी तुम्ही, घामाघूम होऊन माझ्याकडे बघता. मग हात आपोआप जातो. कर आता."

मला अजिबात करायचं नव्हतं, पण साळवे सिस्टरना नाही म्हणायची कोणाची टाप! मी पुसलं, पाठ चोळली, तोंड-नाक साफ केलं, मान ठेवली, मास्क लावला. दाब, सोड, सोड. छाती वर येत होती. सिस्टरचे दोन्ही हात मांडीवर होते, एकात एक अडकवलेले. फुगा टेबलावर तसाच.

"काय चुकलं?" त्यांनी विचारलं.

मी मनातल्या मनात सगळ्या पायऱ्या मोजल्या. "काहीच नाही."

"मग?"

"मग... रडत नाही."

"हं. रडत नाही."

माझा हात टॉवेलकडे गेला. सिस्टरनी माझ्या आधी टॉवेलवर हात ठेवला.

"नाही. पहिल्यापासून नाही. आता हात काढ."

ऐकायला किती सोपं वाटतं! माझे हात निघेनात. रबराची बाहुली ती, पोटात नळाचं पाणी, आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा धारा. "सिस्टर, दाबा ना," मी म्हणाले. "एकदाच दाबा." त्यांची बोटं मांडीवरून उठली, फुग्यापाशी गेली आणि तिथेच थांबली. त्यांनी हात परत घेतला. "हात काढ, बाळा," त्या म्हणाल्या. बाळा! तीन वर्षांत ढोकणेशिवाय दुसरं नाव मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी हात काढले.

"आता गुंडाळ तिला. तोंड उघडं ठेव, आईला बघायचं असतं. आणि आण इकडे. मी चंद्रकला." त्या स्टुलावर बसल्या, आम्हाला 'मुलगी झाली' सांगायला लावताना बसायच्या तशाच. "हे मी तुम्हाला कधी शिकवलंच नाही," त्या जरा हळू म्हणाल्या. "आण."

मी बाहुली घेऊन पुढे गेले. "ताई, सॉरी, तुमचं बाळ..."

"सॉरी नको. गेलं म्हण. स्पष्ट म्हण, नाहीतर बाई वाट बघत बसते."

"ताई, तुमचं बाळ गेलं. आम्ही सगळं केलं, पण ते वाचलं नाही."

त्यांनी हात पुढे केले. मी बाहुली दिली. त्यांनी ती मांडीवर घेतली, तोंडावर आलेला टॉवेलचा कोपरा बाजूला केला आणि बघत राहिल्या. मेसमधून मटणाच्या रश्श्याचा वास येत होता. पोरींची ताटं वाजत होती. मला वाटलं, आता उठतील, आता म्हणतील ठीक आहे. त्या उठल्या नाहीत. मग बाहुलीकडे बघतच त्यांनी विचारलं, "माझं काही चुकलं का गं?"

हा प्रश्न आया विचारतातच. उपास केला म्हणून का, जड उचललं म्हणून का, असं. उत्तर मला ठाऊक होतं. मी दुसरा टॉवेल घडी घालत होते.

"नाही, तुमचं काहीच चुकलं नाही," मी म्हणाले.

आता पेन्सिल येईल, हनुवटी वर होईल, असं मला वाटलं. तसं काही झालं नाही. "जा, जेवून घे," त्या म्हणाल्या. "गरम आहे तोवर." मी दारातून मागे बघितलं तर त्या तशाच बसल्या होत्या, मांडीवर बाहुली घेऊन.

मी खूप जेवले, हे सांगायला लाज वाटते, पण जेवले. खोलीवर येऊन बॅग रिकामी केली आणि आण्णांना फोन लावला.

"मी येत नाही. परीक्षा देते."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? स्थळ थांबत नसतं!"

"मग जाऊ द्या त्याला," मी म्हणाले आणि फोन ठेवला. आण्णा पुढे वर्षभर माझ्याशी धड बोलले नाहीत. पण मी परीक्षा दिली, पास झाले आणि त्यानंतर किती बाळं या हातांवर आली ते देव जाणे. त्यातली काही रडली नाहीत. मी हात काढायला शिकले होते, आणि गेलं हा शब्द उच्चारायलाही.

सिस्टरनी मात्र त्या रविवारनंतर बाहुलीचा एकही तास घेतला नाही. आमची परीक्षा संपायच्या आतच त्यांनी कपाटाची किल्ली प्रिन्सिपलना दिली आणि लसीकरणाच्या खोलीत खुर्चीवरचं काम मागून घेतलं. मी विचारायला गेले तर म्हणाल्या, "गुडघे गं. उभं राहवत नाही आता." गुडघे त्यांचे दुखायचेच, मी विश्वास ठेवला. नवीन ट्यूटर आल्या. त्या बऱ्या होत्या, पण बाहुलीला पावडर कोणी लावत नव्हतं.

पुढे मी बी.एस्सी. केलं, नोकरी केली, आणि नाशिकच्या एका कॉलेजात शिकवायला लागले तेव्हा पेढे घेऊन त्यांच्या घरी गेले. त्या रिटायर झाल्या होत्या. अंगणात खुर्ची टाकून तांदूळ निवडत होत्या.

"सिस्टर, तुमच्यामुळे मी टिकले," मी म्हणाले.

"तू टिकलीस, हे फार बरं झालं," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "तुमच्याकडची बाहुली कशी आहे?"

"कॉम्प्युटरवर चालते सिस्टर. डोळे उघडते, निळी पडते, सगळं करते!"

"रडते?"

"रडते की."

"कोण रडवतं?"

"मीच. बटण आहे माझ्याकडे."

त्यांनी माझा उजवा हात हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि परत माझ्या मांडीवर ठेवून दिला. मग तांदूळ निवडत म्हणाल्या, "जेवूनच जा." मी थांबले नाही, माझी बस होती. त्यानंतर दोन वर्षांनी त्या गेल्या. मला कळेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

दर बॅचला मी एक तास असा घेते की त्यात बाहुली रडत नाही. सिस्टरनी शिकवला तसाच. पोरी त्या दिवशी माझा राग करतात, करू देत. बटण मी टेबलावर सगळ्यांसमोर ठेवते आणि हात मांडीखाली घेऊन बसते, कारण हाताचा भरवसा नाही. मग स्टुलावर आई होऊन बसते, बाळ मांडीवर घेते आणि प्रश्न विचारते.

यंदा प्राची मोकळ नावाच्या मुलीची पाळी होती. हुशार मुलगी, हात चलाख. तिनं सगळं नीट केलं, बाळ गुंडाळून माझ्या मांडीवर दिलं, गेलं म्हणाली. मी बाळाकडे बघत विचारलं, "माझं काही चुकलं का गं?"

"नाही मॅडम, तुमचं काही चुकलं नाही," प्राची पटकन म्हणाली.

अख्खा वर्ग हसला. आईला मॅडम म्हणाली म्हणून. प्राचीनं जीभ चावली, "सॉरी, ताई, ताई!" मीही हसायला हवं होतं, पण मला हसू आलं नाही. ठेवणीतल्या साडीतली बाई मला दिसली, एप्रन नसलेली, मांडीवर बाहुली घेतलेली. ती तेव्हा चंद्रकला नव्हतीच. तिनं मला विचारलं होतं, साळवे सिस्टरनी ढोकणेला विचारलं होतं, आणि जगात ते सांगू शकणारी मी एकटीच होते. मला पटवायला त्यांच्याकडे ती बाहुली होती. त्यांना पटवायला फक्त माझं उत्तर होतं.

"मॅडम?" प्राची म्हणाली. तिच्या हातात अर्धवट घडी घातलेला टॉवेल होता.

"तो टॉवेल खाली ठेव," मी म्हणाले. "आणि आता माझ्या डोळ्यांकडे बघून सांग."

तिनं टॉवेल ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं. मी त्या रविवारी टॉवेलकडे बघून सांगितलं होतं, आणि सिस्टरनी मला टोकलं नव्हतं.